सुटलेल्या पायरीकडे परत

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. तिचे वय चौतीस. बी.ए. झाल्यापासून गेली बारा वर्षे ती जबलपूरच्या परिसरातील खेड्यांत माता व बालकांच्या आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. दहा-बारा कार्यकर्त्यांचा गट ती सांभाळते, सरकारी अधिकाऱ्यांशी निर्भीडपणे बोलते, आणि रात्री-अपरात्री एखाद्या अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडीची सोय करते. तिच्याविषयी आम्हां सर्वांनाच अभिमान वाटतो.

तिसऱ्या रात्री जेवणे आटोपल्यावर ती टेबलापाशी दिवा लावून काही लिहीत बसली होती. पाणी घेण्यासाठी मी तिकडून जात होतो. सहज डोकावलो, तेव्हा तिने झटकन वहीवर हात ठेवला. एखादे खाजगी पत्र असावे असे समजून मी पुढे निघालो, तोच ती ओशाळून म्हणाली, “मामा, हसू नका हं.” हात बाजूला झाला. वहीत अपूर्णांकांची बेरीज होती. पाचवी-सहावीच्या मुलाला घालावे तसे गणित, आणि त्याचे उत्तर चुकलेले.

वाचकहो, त्या वहीवर ठेवलेल्या हातानेच मला हा लेख लिहावयास लावले आहे. ज्या हाताने इतक्या जणांना आधार दिला, तो हात एका अपूर्णांकावर का पडावा? तिला लाज कशाची वाटली? गणित न येण्याची, की ते येत नाही हे दुसऱ्याला दिसण्याची? या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण धरून चालतो. त्या एक नाहीत, हे मला त्या रात्रीनंतरच्या काही महिन्यांत हळूहळू उमगत गेले.

परीक्षा कशाची?

भाचीला परदेशी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. त्यासाठी ती जी.आर.ई. या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. ही परीक्षा अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था घेते. सप्टेंबर २०२३ पासून ती आटोपशीर करण्यात आली असून आता एकूण एक तास अठ्ठावन्न मिनिटांत संपते. तीत एक निबंध, भाषेचे दोन विभाग आणि गणिताचे दोन विभाग असतात. गणिताचे प्रश्न सत्तावीस आणि वेळ सत्तेचाळीस मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे पावणेदोन मिनिटे. गुण १३० ते १७० या पट्टीवर मिळतात.

परंतु खरी लक्षात घेण्याजोगी बाब निराळीच आहे. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेचे गणित मात्र शालेय पातळीचे आहे. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचा अर्थ लावणे, एवढेच त्याचे क्षेत्र. त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत त्यातला बहुतेक भाग शिकवून झालेला असतो. पडद्यावर एक साधे गणकयंत्रही दिलेले असते. म्हणजे आकडेमोडीचा वेग पाहणे हा या परीक्षेचा मुख्य हेतू नाही. दिलेल्या गोष्टींवरून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, हे उमेदवाराला समजते की नाही, हे ती पाहते.

त्यामुळे ज्याने दहावीनंतर गणिताचा निरोप घेतला, त्याच्यापुढे विलक्षण प्रसंग उभा राहतो. त्याला पुढे जावयाचे असते, आणि दार मात्र मागे, आठवीच्या वर्गात उघडते. उंच चढण्यासाठी आधी खाली उतरावे लागते. नवे शिकण्यात माणसाला मान असतो. जुने, ‘येते’ म्हणून गृहीत धरलेले, पुन्हा शिकण्यात मान नसतो. म्हणून पुष्कळ बुद्धिमान माणसे नवी भाषा हौसेने शिकतात, पण छेद समान का करावा लागतो हे विचारावयास धजत नाहीत.

पायरी कोठे सुटली?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सोबत बसलो. १/२ आणि १/३ यांची बेरीज तिने २/५ अशी केली होती: वरच्यात वरचा मिळविला, खालच्यात खालचा. मी तिला म्हटले, “अर्धी भाकरी तू आधीच खाल्लीस. त्यावर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. मग एकूण अर्ध्या भाकरीपेक्षा कमी कशी झाली?” २/५ हे अर्ध्याहून कमी आहे, हे तिच्या तत्काळ लक्षात आले. ती चमकली. मग तिने स्वतःच भाकरीचे सहा भाग कल्पिले, तीन आणि दोन मोजले, आणि ५/६ लिहिले.

त्यानंतर मी विचारले, “पाऊण लिटर तेल आहे. अर्ध्या लिटरच्या मापाने मोजलं, तर किती मापं भरतील?” क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, “दीड.” मी तेच गणित कागदावर ३/४ भागिले १/२ असे लिहून दाखविले. ती थबकली. हा भागाकार आपल्याला कधीच समजला नव्हता, असे तिने सांगितले. मी म्हणालो, “अगं, आताच तर केलास!”

माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत नेताना तो वाटेत कोठे सांडतो, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. तरीही माझ्या स्वतःच्या घरात अर्थ कोठे सांडला, हे मला सुमारे वीस वर्षे दिसले नव्हते. भाचीचे वडील रेल्वेत. सातवीपर्यंत ती भुसावळला मराठी शाळेत शिकली. मग वडिलांची बदली झाली आणि आठवीला ती एकदम इंग्रजी माध्यमात गेली. इकडचे अंश आणि छेद तिकडे न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर झाले. लसावि, मसावि, गुणोत्तर, सरासरी, सगळ्यांची नावे एका उन्हाळ्यात पालटली. ही तीच जुनी ओळखीची माणसे आहेत, फक्त वेष बदलला आहे, असे तिला कोणी सांगितले नाही. तिला वाटले, वर्गातल्या इतर मुलींना येणारे एक निराळेच शास्त्र आपल्याला येत नाही. ती गप्प बसली आणि उत्तरे पाठ करू लागली. दहावी कशीबशी पार पडली, आणि तिने सुटकेचा श्वास टाकून कला शाखा घेतली.

आपल्या मराठीत अपूर्णांक किती जिवंत आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द भाजी घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या तोंडी असतात. माझे वडील शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकत. म्हणजे त्या काळी पूर्णांकांच्या पाढ्यांप्रमाणे अपूर्णांकांचेही पाढे असत. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे वजने-मापेही दशमान झाली, आणि ते पाढे उजळणीच्या पुस्तकापुरते उरले. ते पुन्हा घोकावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या भाषेत ‘पाऊण’ हा एक सबंध शब्द आहे, त्या भाषेत वाढलेल्या मुलीला ३/४ परके वाटावे, यात दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. पूल बांधावयाचा राहून गेला होता.

माझे एक वाक्य

हे सांगितल्यावर आता मला एक कबुली दिली पाहिजे. आठवीच्या सहामाहीत तिला गणितात अगदी थोडे गुण मिळाले, तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. ती रडत होती. मी तिला जवळ घेतले आणि म्हणालो, “असू दे गं, आपल्या घरात कुणालाच गणित येत नाही. तुझं डोकं भाषेचं आहे.”

मी हे प्रेमाने म्हटले होते. तिचे डोळे पुसले गेले, हेही खरे. पण त्या रात्री टेबलापाशी तिने मला सांगितले, “मामा, तुमचं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. परीक्षेत कमी गुण मिळाले की मी ते आठवायची. मग वाईट वाटायचं नाही. आणि मग मी प्रयत्नही करायची नाही.”

मी दिले होते ते सांत्वन, निदान माझ्या समजुतीप्रमाणे. वस्तुतः मी तिला निकाल ऐकविला होता. ‘तुला अमुक एक पायरी समजलेली नाही’ हे विधान निराळे आणि ‘तू गणितातली नव्हेस’ हे विधान निराळे. पहिल्यात दुरुस्तीला जागा आहे, दुसऱ्यात नाही. पहिले एका गोष्टीविषयी आहे, दुसरे एका माणसाविषयी. एका चुकलेल्या बेरजेवरून मी एका मुलीची व्याख्या करून टाकली, आणि तिने ती विश्वासाने स्वीकारली, कारण ती तिच्या मामाने केली होती.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. तिने निवडलेल्या तीन अभ्यासक्रमांपैकी दोन ठिकाणी जी.आर.ई.ची अट राहिलेली नव्हती. गेल्या काही वर्षांत अनेक अमेरिकन विद्यापीठांनी ही अट काढून टाकली आहे. हे समजताच मी उत्साहाने म्हणालो, “मग त्या दोन ठिकाणीच अर्ज कर ना. कशाला हा त्रास?” आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आले की सुमारे वीस वर्षांपूर्वीचेच वाक्य मी पुन्हा बोललो होतो.

सही कोणाची?

या वेळी मात्र तिने ते वाक्य जपून ठेवले नाही. ती शांतपणे म्हणाली, “मामा, अट विद्यापीठाने काढली, पण तिथं गेल्यावर आकडेवारीचं शास्त्र शिकावंच लागेल. आणि ते राहू दे. मी दर तीन महिन्यांनी जो अहवाल पाठवते, त्यातल्या तक्त्यांवर सही माझी असते. ते तक्ते दुसरा कुणी तयार करतो. त्यातलं निम्मं मला कळत नाही.”

तिने एक उदाहरण दिले. समजा, एखाद्या गावात शंभरांपैकी चाळीस मुले कमी वजनाची होती आणि वर्षभराने ती तीस झाली. एका अहवालात ‘दहा टक्क्यांनी घट’ असे लिहिले जाते, दुसऱ्यात ‘पंचवीस टक्क्यांनी घट’. पहिल्यात चाळीस टक्क्यांतून तीस टक्के वजा केलेले असतात, म्हणजे दहा टक्केबिंदूंची घट. दुसऱ्यात चाळिसाच्या मानाने दहा किती, हे पाहिलेले असते, म्हणजे पाव हिस्सा. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कोणता आकडा कोणत्या अर्थाने दिला हे जर सही करणाराला ठाऊक नसेल, तर तो नकळत असत्याचा साक्षीदार ठरू शकतो. देणगीदाराला मोठा आकडा आवडतो. तो आकडा निवडला जातो. मग पुढच्या वर्षी त्या गावाला मिळणारी मदत कमी होते, कारण ‘पुष्कळ सुधारणा’ झालेली असते. ज्या दहा मुलांचे वजन वाढले त्यांचा आनंद आहेच. उरलेल्या तिसांचे काय?

येथे माझ्या मनातला प्रश्न स्पष्ट झाला. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हा नैतिक दोष नव्हे. जगात न येणाऱ्या गोष्टीच अधिक. परंतु जी गोष्ट येत नाही तिच्यावर सही करीत राहणे, आणि कोणी विचारू नये म्हणून तिच्यावर हात ठेवणे, हे नीतीच्या कक्षेत येते. अज्ञान आणि अज्ञानाची झाकपाक यांत हा फरक आहे. अज्ञान अभ्यासाने जाते. झाकपाक आधी सोडावी लागते, तेव्हा कोठे अभ्यासाला आरंभ होतो.

गुलाम मुलगा आणि चौरस

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात एक प्रसंग आहे. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवितो. चौरसाची बाजू दोन फूट, म्हणजे क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती, असे तो विचारतो. मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, बाजू दुप्पट करा, चार फूट. पडताळून पाहता क्षेत्रफळ सोळा येते. मग तो तीन फूट म्हणतो. तेव्हा नऊ येते. शेवटी तो कबूल करतो की आपल्याला हे ठाऊक नाही.

या ठिकाणी सॉक्रेटिस थांबतो आणि मालकाकडे वळून विचारतो की, या मुलाची आपण काही हानी केली काय? मघाशी त्याला येत नव्हतेच, पण येते असे वाटत होते. आता त्याला येत नाही आणि तसे वाटतही नाही. त्याची स्थिती सुधारली आहे, असे सॉक्रेटिसाचे मत. त्यानंतरच तो मुलगा चौरसाच्या कर्णापर्यंत पोहोचतो, कारण दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण.

जी.आर.ई.च्या तयारीत हाच कर्ण आजही भेटतो. तथापि या प्रसंगातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग भूमितीचा नाही. ‘ठाऊक नाही’ हा क्षण त्या मुलाला चारचौघांत आला, आणि त्याला कोणी हसले नाही. म्हणून तो पुढे जाऊ शकला. आपल्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत हा क्षण कसा वागविला जातो? आपण एक तर हसतो, नाही तर, मी केले तसे, घाईने झाकून टाकतो. दोन्हींचा परिणाम एकच: माणूस कर्णापर्यंत पोहोचत नाही.

चौथा पर्याय

या परीक्षेत तुलनेच्या प्रश्नांचा एक प्रकार आहे, आणि त्याने मला पुष्कळ विचारात टाकले. दोन राशी दिलेल्या असतात आणि चार ठरीव उत्तरे. पहिली राशी मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, आणि चौथे उत्तर असे की, दिलेल्या माहितीवरून संबंध ठरविता येत नाही.

भाचीला असा प्रश्न आला: क्ष चा वर्ग ९ आहे, तर क्ष आणि २ यांपैकी मोठे कोणते? तिने म्हटले, क्ष म्हणजे ३, तो मोठा. उत्तर चुकले. क्ष हा उणे तीनही असू शकतो. त्याचाही वर्ग नऊच. तेव्हा क्ष २ पेक्षा मोठा की लहान, हे सांगता येत नाही. “उणे तीन माझ्या डोक्यातच आला नाही,” असे ती म्हणाली. आपल्या डोक्यात जे येत नाही ते अस्तित्वातच नाही असे धरून आपण किती निर्णय करतो! माणसांविषयीही आपण असेच करतो. एकच बाजू सुचते, तीच खरी मानून उत्तर देऊन मोकळे होतो.

आकृत्यांच्या बाबतीतही या परीक्षेची सूचना स्पष्ट आहे. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असे नाही. कोन काटकोनासारखा दिसला, म्हणून तो काटकोन ठरत नाही. जे दिले आहे तेवढेच धरावयाचे, जे नुसते दिसते त्यावर विसंबावयाचे नाही.

मग काही दिवस असे झाले की भाची अवघड प्रश्न आला की चौथा पर्याय निवडू लागली. तिला वाटले, हे नम्रतेचे उत्तर आहे. पण तेही चुकू लागले. दोन्ही राशींत अज्ञात अक्षर नसेल, केवळ ठरलेल्या संख्या असतील, तर त्यांचा संबंध निश्चित असतोच. तो आपल्याला काढता आला नाही, ही आपली बाब. ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘यावरून ठरविता येत नाही’ ही दोन निराळी विधाने आहेत. पहिले स्वतःविषयीची कबुली आहे. दुसरे वस्तुस्थितीविषयीचे प्रतिपादन आहे, आणि त्याला पुरावा द्यावा लागतो: एक उदाहरण असे, ज्यात पहिली राशी मोठी ठरते, आणि दुसरे असे, ज्यात ती मोठी ठरत नाही.

श्रद्धा, नीती, समाज या विषयांवर बोलताना आपण सुशिक्षित माणसे हा घोटाळा नेहमी करतो. अभ्यासाचा कंटाळा आला की म्हणतो, “अशा गोष्टींत निश्चित काही सांगता येत नाही.” ही नम्रता नव्हे, हा आळस आहे, आणि त्याने नम्रतेचा झगा पांघरला आहे. खरी नम्रता आधी कष्ट करून पाहते आणि मगच थांबते.

वही कशी भरली?

पुढचे काही महिने तिने कसा अभ्यास केला हे थोडक्यात सांगतो, कारण माझ्या वाचकांपैकी कोणी वा त्यांच्या मुलांपैकी कोणी याच वाटेवर असेल. ती रोज पहाटे पाऊण तास बसे, त्याहून अधिक नाही. क्रम तिने सोडला नाही: आधी पूर्णांक, विभाज्यता आणि मूळ संख्या, मग अपूर्णांक व दशांश, मग गुणोत्तर आणि शेकडेवारी, मग घातांक आणि वर्गमूळ, त्यानंतर समीकरणे, भूमिती, आणि शेवटी सरासरी, मध्यक व संभाव्यता. अपूर्णांक पक्के झाल्यावाचून शेकडेवारीला हात लावावयाचा नाही, हा नियम. प्रत्येक नव्या इंग्रजी संज्ञेपुढे ती मराठी संज्ञा लिही. आठवीत राहून गेलेला पूल तिने असा एकेक शब्द करून बांधला.

आणि एक वही तिने केवळ चुकांसाठी ठेवली. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्या वहीत उतरवावयाचा आणि चूक कोणत्या जातीची ते लिहावयाचे: माहीत नव्हते, माहीत होते पण घाई केली, की प्रश्नच नीट वाचला नाही. आठवड्याने तोच प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवावयाचा. पहिल्या महिन्यात ‘माहीत नव्हते’ हा रकाना भरभरून वाहत होता. तिसऱ्या महिन्यात ‘घाई केली’ हा रकाना त्याच्या पुढे गेला. “मामा, आता माझं अज्ञान संपून माझा स्वभाव सुरू झाला,” असे तिने दूरध्वनीवर हसत सांगितले.

शिकवणीवर्गांतल्या क्लृप्त्यांविषयीही तिने मला विचारले. त्या वापराव्यात काय? मला त्यात मुळात गैर काही दिसत नाही. अंदाज बांधणे, दिलेली उत्तरे उलट घालून पाहणे, सोपी संख्या कल्पून पडताळणे हे सारे विचाराचेच प्रकार आहेत. पण जिचे कारण आपल्याला ठाऊक आहे ती क्लृप्ती आपली, आणि जिचे कारण ठाऊक नाही ती उसनी. एखाद्या वस्तूची किंमत वीस टक्के वाढवून मग वीस टक्के कमी केली, तर ती मूळ किमतीला येत नाही. शंभराचे एकशेवीस होतात आणि एकशेविसाचे शहाण्णव. हे कशामुळे, ते ज्याला समजले त्याला सूत्राची गरज नाही. ज्याने सूत्र उसने आणले, त्याची प्रश्नाची शब्दरचना किंचित बदलताच फसगत होते.

निष्फळ न जाणारे श्रम

सिमोन वेल (१९०९–१९४३) ही फ्रेंच तत्त्वचिंतक बाई आंद्रे वेल या थोर गणितज्ञाची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी भावाच्या प्रतिभेशी स्वतःची तुलना करून ती घोर निराशेत बुडाली होती, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रीती यांचा परस्परसंबंध काय, यावर तिचा एक छोटा निबंध आहे. तो तिच्या मृत्यूनंतर, १९५० साली, प्रसिद्ध झाला. तिचे म्हणणे थोडक्यात असे: प्रार्थनेचे सार अवधान हे आहे, आणि भूमितीचा प्रश्न घेऊन तासभर झगडणारा विद्यार्थी तो प्रश्न सुटला नाही तरी अवधानात वाढलेला असतो. ते श्रम वाया जात नाहीत. याला जोडून ती आणखी एक कठीण गोष्ट सांगते. आपण केलेली प्रत्येक चूक सबब न सांगता निरखून पाहावी, तिचे मूळ शोधावे. यातून जी विनम्रता लाभते ती कोणत्याही शालेय प्रगतीहून मोलाची आहे.

हे वाचताना मला भाचीची ती चुकांची वही आठवली. आपण चुकलेला कागद चुरगाळून टाकतो, कारण तो आपल्याविषयी काही सांगतो आणि ते आपल्याला ऐकावयाचे नसते. तिने ते कागद जपून ठेवले, त्यांवर तारखा घातल्या, आणि दर आठवड्याला ती त्यांच्याकडे परत गेली. पूर्वी तिने माझे वाक्य जपून ठेवले होते. आता तिने त्या जागी आपल्या चुका ठेवल्या, आणि हा बदल भल्याचा झाला.

परीक्षेत तिला किती गुण मिळाले, असे कोणी विचारील. ते मध्यम होते. फार मोठे नव्हते आणि लाजिरवाणेही नव्हते. प्रवेशाचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. परंतु मागील तिमाहीच्या अहवालात एका तक्त्याखाली तिने स्वतःच्या हाताने एक टीप घातली: येथील घट टक्केबिंदूंत मोजली आहे. आकडा त्यामुळे लहान दिसला. वरिष्ठांनी कारण विचारले, तेव्हा तिने ते समजावून सांगितले. सही तिचीच होती, आणि या खेपेस त्या सहीला अर्थ होता.

मीही तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “क्षमा नंतर, मामा. आधी हे सांगा, अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणतात?” मी तोंड उघडले आणि थांबलो. नियम मला पाठ होता. कारण मला ठाऊक नव्हते. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, आपल्या घरात कुणालाच गणित येत नाही. मी कागद पुढे ओढला, त्यावर पाऊण लिटर तेल आणि अर्ध्या लिटरचे माप काढले, आणि म्हणालो, “मला ठाऊक नाही. चल, बघू या.”

वाचकहो, तुमच्या घरीही कोणी वहीवर हात ठेवून बसले असेल. ते मूल असेल, किंवा साठीचे गृहस्थही असतील. त्यांना हसू नका, हे तर खरेच. पण त्यांच्यासाठी घाईने पांघरूणही शोधू नका. शेजारी बसा आणि पायरी कोठे सुटली ते विचारा. कदाचित ती तुमचीही तेथेच सुटलेली असेल.